एमजीबीच्या बॉनेटखालचा होजचा गुंता: कुठली नळी कुठून कुठे जाते

अमेरिकेत विकल्या गेलेल्या एमजीबीचं बॉनेट पहिल्यांदा उघडणारा माणूस थोडा वेळ गप्पच होतो. इंजिन तसं सरळमार्गी, 1798 सीसीचं, चार सिलिंडरचं. पण त्याच्याभोवती काळ्या रबरी नळ्या अशा पसरलेल्या असतात की कुठली पेट्रोलची, कुठली हवेची आणि कुठली आधीच्या मालकाने उगाच लावलेली, काही उमगत नाही. त्यातली एखादी तुटलेली, एखादी बोल्ट खुपसून बंद केलेली, आणि एक हमखास कशालाच न जोडलेली.

भारतात आज एमजी म्हटलं की 2019 मध्ये आलेली हेक्टर डोळ्यांसमोर येते. इथे विषय आहे तो इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात बनलेल्या दोन दरवाजांच्या एमजीबीचा. पाच लाखांहून जास्त बनल्या आणि त्यांतला मोठा वाटा अमेरिकेला गेला. अमेरिकेतले धुराचे नियम 1968 च्या मॉडेलपासून कडक होत गेले, आणि कारखान्याने त्याच जुन्या इंजिनावर एकेक यंत्र चढवत नेलं: आधी एअर पंप, मग पेट्रोलची वाफ अडवणारा कोळशाचा डबा, मग ईजीआर, म्हणजे थोडा एक्झॉस्ट गॅस परत इंजिनात सोडणारी यंत्रणा. त्यामुळे 1969 ची, 1973 ची आणि 1977 ची गाडी शेजारी उभ्या केल्या तर नळ्यांची मांडणी तिघींची तीन तऱ्हेची. इंटरनेटवर दिसलेला कुणाच्या तरी इंजिनाचा फोटो समोर ठेवून त्याबरहुकूम नळ्या लावत सुटलात, तर फसण्याची शक्यताच जास्त. त्या फोटोतली गाडी दुसऱ्या वर्षाची असू शकते, आणि तिच्या मालकाचंही चुकलेलं असू शकतं.

सगळ्या नळ्या एकदम समजून घ्यायला जाऊ नका. या गुंत्यात चार वेगळी कामं आहेत: इंजिनाच्या पोटातली वाफ ओढणं, टाकीतली पेट्रोलची वाफ अडवणं, एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणं, आणि डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) व ईजीआरला व्हॅक्युम, म्हणजे हवेची ओढ, पुरवणं. प्रत्येकात हवा कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते एवढं कागदावर काढता आलं, की नळी कुठे लावायची हा प्रश्न आपोआप सुटतो.

आधी गाडी कुठली ते ठरवा

चॅसिस नंबर बघा. अमेरिकेसाठी बनलेल्या ओपन गाडीचा नंबर 1970 च्या मॉडेलपासून ‘जीएचएन5यू’ असा सुरू होतो आणि पुढचं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं. ‘ए’ म्हणजे 1970, ‘बी’ म्हणजे 1971, असं पुढे. मग कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग, बघा. एसयू, झेनिथ-स्ट्रॉम्बर्ग आणि वेबर ही त्यांच्या कंपन्यांची नावं. 1971 पर्यंत दोन एसयू एचएस4, 1972 ते 1974 दोन एसयू एचआयएफ4, आणि 1975 पासून अमेरिकन गाड्यांना एकच झेनिथ-स्ट्रॉम्बर्ग. रबरी बंपर दिसला म्हणजे स्ट्रॉम्बर्ग असणारच, असं धरून चालू नका. 1974 च्या शेवटी शेवटी निघालेल्या गाड्यांना बंपर रबरी आणि कार्ब्युरेटर एसयू, असा मेळ आहे. शिवाय स्ट्रॉम्बर्ग काढून वेबर बसवलेल्या गाड्या पैशाला पासरी आहेत, त्यांचं पुढे सांगतो.

काहीही काढायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना मास्किंग टेप लावून एकच आकडा लिहा. जुनं रबर ओढलं की निपलच्या, म्हणजे नळी चढवायच्या टोकाच्या, तोंडाशी तुटतं आणि मग हे टोक कुठलं होतं ते आठवत बसावं लागतं. नळी निघत नसेल तर ओढू नका. ब्लेडने लांबीत चीर द्या आणि सोलून काढा. पितळी किंवा प्लास्टिकचं निपल मोडण्यापेक्षा शंभर रुपयांची नळी वाया गेलेली परवडते.

पहिलं काम: इंजिनाच्या पोटातली वाफ

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून इथे जरा थांबू.

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस नेहमीच खाली उतरतो. तो बाहेर काढला नाही तर इंजिनात दाब वाढतो आणि ऑइल जिथून वाट मिळेल तिथून गळायला लागतं. एमजीबीच्या मागच्या सीलमधून ऑइल गळतंय म्हणून इंजिन उतरवायची तयारी करण्याआधी ही वाट मोकळी आहे का ते बघावं.

1960 च्या दशकाच्या मधल्या गाड्यांत यासाठी इनटेक मॅनिफोल्डवर (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या पाइपवर) एक गोल पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे वाफेची ओढ आवरणारा व्हॉल्व्ह, असायचा. 1969 च्या आसपास तो गेला आणि वाफ थेट कार्ब्युरेटरकडे नेली. इंजिनाच्या डाव्या अंगाला, मॅनिफोल्डच्या खाली, टॅपेटची (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागांची) झाकणं आहेत. पुढच्या झाकणावर एक पत्र्याचा डबा आहे आणि त्याच्या आत तारेची जाळी. या डब्यातून जाड नळी वर येते, एसयूच्या गाडीत वाय-जॉइंटमधून दोन फाटे होतात आणि दोन्ही कार्ब्युरेटरच्या अंगावरच्या निपलना जातात. स्ट्रॉम्बर्ग असेल तर एकच नळी. कार्ब्युरेटरच्या पिस्टनखालच्या भागात हलका, जवळपास कायम तेवढाच व्हॅक्युम असतो, तो ही वाफ ओढतो.

वाफ बाहेर गेली म्हणजे तिच्या जागी ताजी हवा आत यायला हवी. ती रॉकर कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, मागच्या बाजूच्या एका बारीक नळीतून येते. त्या निपलच्या आत मुद्दाम एक अरुंद भोक ठेवलंय, 5/64 इंच, म्हणजे जेमतेम 2 मिलिमीटर. हवा मोजूनमापून आली पाहिजे, कारण ती शेवटी मिश्रणातच मिसळते. अमेरिकन गाडीत ही नळी कोळशाच्या डब्याला जोडलेली असते, म्हणजे हवा कोळशातून येते आणि येताना त्यात साठलेली पेट्रोलची वाफही सोबत आणते.

आता ऑइलच्या झाकणाचा नियम. कोळशाचा डबा असलेल्या गाडीला ऑइल भरायचं झाकण हवाबंद हवं. ब्रिटनमध्ये विकलेल्या, डबा नसलेल्या गाडीला फिल्टर असलेलं, हवा घेणारं झाकण लागतं. डबा असलेल्या गाडीवर हवा घेणारं झाकण लावलं तर हवा दोन वाटांनी येते, मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आणि लोक कार्ब्युरेटरचे स्क्रू पिळत बसतात. डबा काढून टाकून झाकण हवाबंदच ठेवलं तर ताज्या हवेला वाटच उरत नाही. ही दोन्ही झाकणं दिसायला सारखी असतात. काढून तोंडाने फुंकून बघा, लगेच कळतं.

चकचकीत ॲल्युमिनियमचं रॉकर कव्हर कुणी हौसेने बसवलं असेल तर त्याच्या निपलमध्ये ते बारीक भोक आहे का ते आवर्जून बघा. बाजारातल्या कितीतरी कव्हरांत नळी आरपार मोकळी असते. दिसायला झकास, पण इंजिनाच्या दृष्टीने हवेची गळतीच.

तपासायची रीत: इंजिन गरम करून आयडलवर (ॲक्सिलरेटर न देता चालू) ठेवा आणि ऑइलचं झाकण उचला. तळहात तोंडावर धरला की हलकी ओढ जाणवली पाहिजे, आणि आयडलमध्ये फरक पडला पाहिजे. काहीच फरक नाही, उलट धूर वर येतोय, तर टॅपेटच्या डब्यातली जाळी गच्च झालीये किंवा रिंगा गेल्यात. जाळी सुटी काढता येत नाही; अख्खं झाकण काढून रात्रभर रॉकेल किंवा डिग्रीझरमध्ये बुडवून ठेवायचं, मग हवेने फुंकायचं. काळं, डांबरासारखं काय काय निघतं बघाल.

वेबर 32/36 बसवलेल्या गाडीची इथे अडचण होते. त्या कार्ब्युरेटरवर वाफ ओढायला तसं निपलच नाही. मग कुणी टॅपेटची नळी एअर फिल्टरला जोडतं, कुणी थेट मॅनिफोल्डला. मधे व्हॉल्व्ह न घालता मॅनिफोल्डला जोडणं चूकच, कारण तिथला व्हॅक्युम फार जोरदार असतो. मॅनिफोल्ड वापरायचं असेल तर पीसीव्ही व्हॉल्व्ह लावा, नाहीतर एअर फिल्टरच्या आतल्या बाजूला नेऊन सोडा.

दुसरं काम: टाकी, कोळशाचा डबा आणि बंद केल्यावरही धडधडणारं इंजिन

कोळशाचा काळा गोल डबा इंजिनाच्या उजव्या बाजूला असतो. वर दोन बारीक टोकं आणि एक जाड, खाली एक. बारीक टोकांपैकी एकात पेट्रोलच्या टाकीची वाफ येते, डिकीतल्या छोट्या सेपरेटर टाकीतून निघून लोखंडी पाइपने पुढे. दुसऱ्यात कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरची, म्हणजे त्यातल्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्याची, हवा. दोन एसयू असतील तर दोन्हींच्या नळ्या टी-जॉइंटवर एकत्र येऊन मग डब्याकडे जातात. जाड टोक रॉकर कव्हरकडे. खालचं टोक म्हणजे डब्याची श्वास घ्यायची वाट.

या गाड्यांचं पेट्रोलच्या टाकीचं झाकणही हवाबंद असतं. टाकीला हवा फक्त डब्यातूनच मिळते. वाटेत नळी चेपली असेल, किंवा डब्याच्या तळाचा फिल्टरचा तुकडा मातीने बसला असेल, तर पेट्रोल संपत जाईल तसा टाकीत व्हॅक्युम तयार होतो आणि पंपाला पेट्रोल ओढवेना होतं. गाडी तासभर छान पळते, मग हायवेवर गुदमरल्यासारखी होते. तेव्हा टाकीचं झाकण उघडा. ‘फस्स’ असा आवाज आला आणि गाडी पुन्हा ठीक झाली, तर पेट्रोल पंप बदलू नका. वाफेची वाट मोकळी करा. त्यासाठी लोखंडी पाइपचं पुढचं टोक डब्यापासून सोडवा, टाकीचं झाकण उघडा, सायकलच्या पंपाने हळू हवा मारा आणि दुसऱ्या कुणाला टाकीच्या तोंडाशी कान देऊन उभं करा. कॉम्प्रेसर लावू नका, आणि आसपास कुणी सिगारेट ओढत नाही ना ते बघा.

1973 च्या सुमारास डब्याच्या खालच्या टोकाला आणखी एक भानगड जोडली गेली: अँटी-रन-ऑन व्हॉल्व्ह. लीन मिश्रण आणि गरम इंजिन यामुळे चावी बंद केल्यावरही गाडी धडधडत राहायची. या व्हॉल्व्हला तीन वाटा: एक डब्याच्या तळाला, एक इनटेक मॅनिफोल्डला, एक बाहेरच्या हवेला. गाडी चालू असताना डबा बाहेरची हवा घेतो. चावी बंद केली की व्हॉल्व्हला वीज मिळते, बाहेरची वाट बंद होते आणि मॅनिफोल्डचा व्हॅक्युम डब्यातून उलटा फ्लोट चेंबरपर्यंत पोचतो. फ्लोट चेंबरमधला दाब उतरला की जेटमधून पेट्रोल चढत नाही आणि इंजिन थांबतं. वीजेचा अर्थिंगचा रस्ता ऑइल प्रेशर स्विचमधून जातो, म्हणून इंजिन थांबून ऑइलचा दाब उतरला की व्हॉल्व्हही सुटतो. डोकं लावलंय खरं.

यातून तीन गोष्टी निघतात. व्हॉल्व्हची मोकळी वाट कुणी ‘इथून हवा गळतेय’ म्हणून बंद केली असेल तर ती उघडा. ती मोकळीच हवी. ऑइलचं झाकण किंवा डब्याची एखादी नळी गळत असेल तर व्हॅक्युम फ्लोट चेंबरपर्यंत पोचत नाही आणि गाडी धडधडतच राहते. आणि ऑइल प्रेशर स्विच आतून चिकटला तर व्हॉल्व्ह रात्रभर वीज खातो. सकाळी बॅटरी उतरलेली सापडली तर हे एक कारण लक्षात असू द्या.

हा व्हॉल्व्ह आतून गळतोय का बघायला, आयडलवर असताना मॅनिफोल्डकडून त्याच्याकडे येणारी नळी गुळगुळीत जबड्याच्या क्लॅम्पने दाबा. आयडल बदललं तर व्हॉल्व्ह गेला.

तिसरं काम: एअर पंप

पंप बेल्टवर फिरतो आणि हवा हेडवरच्या चार बारीक नळ्यांतून एक्झॉस्ट पोर्टमध्ये सोडतो, म्हणजे न जळलेलं पेट्रोल तिथे जळून जातं. पंप आणि त्या नळ्यांच्या मधे चेक व्हॉल्व्ह असतो: हवा पुढे जाऊ द्यायची, एक्झॉस्टचा गरम गॅस मागे येऊ द्यायचा नाही. तो काढून दोन्ही बाजूंनी तोंडाने फुंका, एकाच बाजूने हवा गेली पाहिजे. इथेही कॉम्प्रेसर नको. पंपाकडून येणारी नळी आतून काळी, कडक, जळकट वासाची झाली असेल तर फुंकायचीही गरज नाही, चेक व्हॉल्व्ह बदला.

याच पंपावरून एक फाटा गल्प व्हॉल्व्हकडे जातो, आणि तिथून जाड नळी इनटेक मॅनिफोल्डला. एक बारीक नळी मॅनिफोल्डचा व्हॅक्युम व्हॉल्व्हच्या डायफ्रामला कळवते. ॲक्सिलरेटर एकदम सोडला की मिश्रण क्षणभर फार रिच होतं (त्यात पेट्रोल जास्त होतं) आणि सायलेन्सरमध्ये फटाका वाजतो. तेव्हा हा व्हॉल्व्ह एक घोट हवा मॅनिफोल्डला देतो. तपासायला पंपाकडची नळी सोडवून व्हॉल्व्हच्या तोंडावर अंगठा ठेवा. आयडलवर पंधरा सेकंद काहीही ओढ नको. ॲक्सिलरेटर झटकन देऊन सोडला की क्षणभर ओढ यायला हवी. आयडलवरच ओढ असेल तर हवा सतत गळतेय.

पंप जाम झाला असेल तर बेल्ट काढून हाताने फिरवून बघा. बेल्ट काढून गाडी चालवता येते, पण मग गल्प व्हॉल्व्हची मॅनिफोल्डकडची नळी नीट बंद करा.

चौथं काम: बारीक व्हॅक्युमच्या नळ्या

डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्युमची नळी काही वर्षी कार्ब्युरेटरवरून येते, काही वर्षी मॅनिफोल्डवरून. दोन्हींत फरक मोठा: कार्ब्युरेटरच्या टोकाला आयडलवर व्हॅक्युम नसतो, मॅनिफोल्डवर असतो. चुकीच्या जागी लावली तर टायमिंग आणि आयडल दोन्ही बिघडतात. 1977 पासूनच्या अमेरिकन गाड्यांत मधे गिअरबॉक्सवरच्या स्विचने चालणारा सोलेनॉइड आहे, तो फक्त चौथ्या गिअरमध्ये व्हॅक्युम देतो. उभ्या गाडीत नळीला ओढ नाही म्हणून ती तुटली असं समजू नका. ईजीआरची व्हॅक्युमची नळी त्या वर्षाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकृतीप्रमाणेच लावा, अंदाज नको. डायफ्राम हाताच्या व्हॅक्युम पंपाने तपासा. काटा खाली घसरला तर तो फाटलाय.

नव्या नळ्या बसवताना

ऑइलची वाफ, पेट्रोलची वाफ, गरम हवा आणि नुसता व्हॅक्युम, प्रत्येकाला एकच रबर चालत नाही. पाण्याची किंवा रेडिएटरची नळी पेट्रोलच्या वाफेने फुगते आणि आतून सुटून येते. नळीवर एसएई 30आर7 किंवा 30आर9 असा शिक्का बघून घ्या. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल वापरत असाल तर आर9 बरी. गाडी इंचांची आहे. पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर, 6 ची नळी कशीबशी चढते, 7 ची गळते. निपल कॅलिपरने मोजा आणि मगच दुकानात जा. टॅपेटच्या जाड नळीला मऊ रबर वापरलं तर वळणावर व्हॅक्युमने चपटी होते, तिथे आकार दिलेली तयार नळी घ्या.

एमजीबीच्या या बी-सिरीज इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही डाव्याच बाजूला आहेत. म्हणजे कार्ब्युरेटरच्या नळ्या तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या डोक्यावरूनच जातात. प्रत्येक नळी त्याच्यापासून बोटभर तरी लांब, बेल्ट आणि पंख्यापासून लांब, आणि ॲक्सिलरेटरची लिंकेज पूर्ण फिरली तरी घासणार नाही अशी बांधा. फ्लोट चेंबरच्या नळीला मधे झोळ पडू देऊ नका. त्यात पेट्रोल साठून राहतं आणि फ्लोट चेंबरची हवा अडते. बारीक नळ्यांना स्क्रूचे रुंद दातेरी क्लॅम्प नकोत, ते रबर कापतात. आतून सपाट असलेले क्लिप घ्या.

तपासणी, आणि मगच कार्ब्युरेटर

कार्ब्युरेटरला हात लावायच्या आधी मॅनिफोल्डला व्हॅक्युम गेज जोडा. धडधाकट इंजिन गरम असताना आयडलवर 17 ते 21 इंच (पाऱ्याचे) दाखवतं, तेही समुद्रसपाटीला. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरा, म्हणजे उंचावरच्या डेन्व्हर शहरातल्या गाडीला 15 दिसले तरी घाबरू नका. काटा कमी असेल तर एकेक नळी दाबून बघा. जी दाबल्यावर काटा चढतो, तिथे गळती. मेकॅनिक लोक कार्ब क्लीनर मारून गळती शोधतात, पण या इंजिनात तो फवारा सरळ तापलेल्या एक्झॉस्टवर पडतो. त्यापेक्षा नळ्यांत धूर सोडून गळती दाखवणारं स्मोक मशीन लावून घ्या, किंवा साध्या पाण्याची फवारणी करा. इंजिनाचा आवाज बदलला की जागा सापडली.

हे सगळं जमल्यावर टायमिंग, मग आयडल, मग मिश्रण, याच क्रमाने.

‘हे सगळं काढूनच टाकू’ असा मोह होतो, ब्रिटनमधल्या एमजीबीला यातलं बरंचसं नव्हतंच, हे खरं. पण गाडी कॅलिफोर्नियात असेल तर 1975 किंवा त्याआधीच्या मॉडेललाच स्मॉग चेकमधून, म्हणजे तिथल्या धुराच्या सरकारी तपासणीतून, सूट आहे. 1976 पासूनच्या गाडीला वस्तू जागेवर लागतात, आणि टाकीच्या वाफेच्या यंत्रणेचीही दाब देऊन परीक्षा होते. म्हणून काढलेले भाग नावाच्या चिठ्ठीसह डब्यात भरून गाडीसोबतच ठेवा. पुढचा मालक कुठल्या राज्यात असेल सांगता येत नाही. नव्या नळ्यांचे क्लिप पहिल्या आठवड्यानंतर पुन्हा एकदा आवळा, कारण रबर तापून बसतं. आणि पहिल्या लांबच्या फेरीनंतर टाकीचं झाकण उघडताना कान देऊन ऐका.